गोळी नाही, सुई नाही, मग एथिक्सचं प्रशिक्षण कशाला?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. जुनाट कंबरदुखीचे रुग्ण हे माझं रोजचं काम. एका क्लिनिकल ट्रायलमध्ये उपचार देणारी थेरपिस्ट म्हणून मला विचारणा झाली, मी होकार दिला, आणि दोन दिवसांत प्रशिक्षणाची लांबलचक यादी ईमेलवर आली. ती वाचून मी चांगलीच धास्तावले होते. विचारायचं कोणाला तेही कळत नव्हतं, कारण ओळखीतल्या ज्यांनी ट्रायलमध्ये काम केलं होतं ते सगळे औषधांच्या ट्रायलमधले. म्हणून फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, समुपदेशक अशा, हातांनी आणि बोलण्यातून उपचार करणाऱ्या मंडळींसाठी हे सगळं घडलं त्या क्रमाने लिहिते आहे.

आमच्या अभ्यासात दोन गट होते. एका गटाला टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा व्यायाम आणि वेदनेबद्दल ठरावीक पद्धतीने केलेली बातचीत, दुसऱ्या गटाला नेहमी देतो तो सल्ला. कोण कुठल्या गटात जाणार हे संगणक ठरवणार. मी फक्त पहिल्या गटाला उपचार देणार होते.

यादी आली जानेवारीच्या सुरुवातीला. त्यात होतं: जीसीपी म्हणजे गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं (माणसांवरच्या चाचण्या नीतीने आणि नीट कशा करायच्या याच्या नियमांचं) ऑनलाइन प्रशिक्षण आणि त्याचं सर्टिफिकेट, दोन दिवसांची प्रत्यक्ष कार्यशाळा, देखरेखीखाली सरावाची सत्रं, सही-तारखेसह बायोडेटा, नोंदणीपत्राची प्रत आणि हितसंबंध जाहीर करण्याचा फॉर्म. हे सगळं पूर्ण होऊन डेलिगेशन लॉगवर, म्हणजे अभ्यासातलं कोणतं काम कोणाकडे सोपवलं आहे त्या नोंदपत्रकावर, माझी आणि प्रमुख संशोधकांची सही झाल्याशिवाय एकाही सहभागी रुग्णाला भेटायचं नाही, हे ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. शुल्क अभ्यासाच्या निधीतून भरलं गेलं. वेळेचा मोबदला मात्र फक्त कार्यशाळेच्या दोन दिवसांचा. ऑनलाइन भाग आणि वाचन आपल्या वेळात. तुम्हाला विचारणा झाली तर होकार देण्याआधी हे स्पष्ट विचारून घ्या, त्यात संकोच करू नका. ज्यांना रुग्णामागे पैसे मिळतात त्यांचं इतक्या तासांचं उत्पन्न बुडतं.

ऑनलाइन जीसीपी मी जानेवारीतच पूर्ण केलं. रात्री जेवणं आटोपली की एक-एक मॉड्यूल. पहिले काही दिवस वैताग आला, तो लपवत नाही. जीसीपीचे आंतरराष्ट्रीय नियम 1996 साली आले ते मुळात औषधांच्या चाचण्यांसाठी. त्यामुळे औषधाचा साठा कोणत्या तापमानाला ठेवायचा, उरलेल्या गोळ्यांचा हिशेब कसा द्यायचा, यावर पानंच्या पानं. हे माझ्या काय कामाचं, असं सारखं वाटत होतं. पण नोंदींच्या भागापाशी आले आणि मत बदललं. नोंद कोणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, त्याच वेळी केलेली असली पाहिजे, मूळ असली पाहिजे आणि अचूक असली पाहिजे. खाडाखोड करायची तर एकच आडवी रेघ, बाजूला आद्याक्षरं आणि तारीख. व्हाइटनर नाही, गिरवून दुरुस्ती नाही. औषधाच्या ट्रायलमध्ये गोळी किती मिलिग्रॅमची ते पाकिटावर छापलेलं असतं. मी सत्रात काय केलं, किती केलं, काय बोलले, याचा माझी नोंद सोडली तर दुसरा पुरावाच नसतो. म्हणजे हा भाग आपल्यालाच जास्त लागू पडतो.

इथे दोन व्यावहारिक गोष्टी. सर्टिफिकेटवरचं नाव आणि नोंदणीपत्रावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. माझ्याबरोबरच्या एका थेरपिस्टचं सर्टिफिकेट माहेरच्या नावाने आणि नोंदणी सासरच्या नावाने होती, तेवढ्यावरून तिची फाइल परत आली. दुसरं, कोर्स कोणत्या आवृत्तीवर आधारलेला आहे ते बघून घ्या. 2016 मध्ये नियमांत मोठी भर पडली आणि जानेवारी 2025 मध्ये तिसरी सुधारित आवृत्ती मंजूर झाली. जुन्या मजकुराचे कोर्स अजून फिरत असतात. सर्टिफिकेट किती काळ चालेल हेही प्रत्येक अभ्यासाची टीम वेगवेगळं ठरवते, बहुतेक ठिकाणी दोन ते तीन वर्षं.

याच कोर्समध्ये इतिहासाचा भाग होता. कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या नाझी डॉक्टरांच्या खटल्याचा न्यूरेंबर्गचा निकाल आणि त्यातून 1947 मध्ये आलेली दहा कलमं, डॉक्टरांच्या जागतिक संघटनेचं 1964 चं हेलसिंकी घोषणापत्र, अमेरिकेत टस्कीगीला 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता फक्त ठेवलेली नजर, आणि त्या संतापातून घडलेला, माणसांवरच्या संशोधनाची नैतिक तत्त्वं मांडणारा 1979 चा बेलमॉन्ट अहवाल. कॉलेजात हे पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. तेव्हा वाटायचं की हे सगळं सुया आणि विषारी औषधांचं जग, आपला काय संबंध.

तो समज कार्यशाळेत पुसला गेला. फेब्रुवारीच्या शेवटी ती झाली. आम्ही वेगवेगळ्या शाखांचे थेरपिस्ट होतो. शिकवणाऱ्या मॅडम स्वतः मानसोपचाराच्या ट्रायलमध्ये काम केलेल्या. पहिल्या सकाळी स्लाइड वगैरे काही न लावता त्यांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या 1939 सालच्या प्रयोगाची गोष्ट सांगितली. बोलण्याच्या उपचारांचे संशोधक वेंडेल जॉन्सन आणि त्यांची विद्यार्थिनी मेरी ट्युडर यांनी अनाथालयातली 22 मुलं निवडली. त्यातल्या काही मुलांचं बोलणं अगदी नीट होतं. त्यांना सांगण्यात आलं की तू अडखळायला लागला आहेस, नीट बोलता येत नसेल तर बोलूच नकोस. ना औषध, ना यंत्र, नुसते शब्द. मुलं बोलायला बिचकायला लागली, मिटून गेली. विद्यापीठाने माफी मागितली ती 2001 मध्ये.

मी त्या दिवशी वहीत फारसं काही लिहिलं नाही. मी रोज माणसांना त्यांच्या शरीराबद्दल काहीतरी सांगत असते. मणका सरकलाय, गादी झिजली आहे, वाकू नका, जपून. रुग्ण ते वाक्य घरी घेऊन जातो आणि वर्षानुवर्षं त्याच्या धाकात वागतो. कंबरदुखीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कोणालाही हे सांगायची गरज नाही. पण याला इजा म्हणायचं, आणि ट्रायलमध्ये तिची नोंद करायची, हा विचार माझ्यासाठी नवा होता.

दुसरी गोष्ट त्याहून अस्वस्थ करणारी, कारण तिच्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास, मॅसॅच्युसेट्स, तोही 1939 मध्येच सुरू झालेला. वाईट मार्गाला लागतील अशी शंका असलेल्या मुलांना समुपदेशक, घरभेटी, शिकवणी, उन्हाळी शिबिरं असा वर्षानुवर्षं आधार दिला. तशाच दुसऱ्या मुलांना काही दिलं नाही. गुन्हेशास्त्राच्या संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी तीस वर्षांनी त्या सगळ्यांचा शोध घेतला आणि 1978 मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेली मुलं मोठेपणी काही बाबतींत मदत न मिळालेल्यांपेक्षा वाईट स्थितीत होती. आणि त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं होतं की त्या मदतीने आमचं भलं झालं. रुग्ण समाधानी आहे, मीही समाधानी आहे, म्हणजे उपचार चांगला, ही आपली रोजची कसोटी. ती किती कच्ची आहे हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगू शकत नाही.

दुपारी संमतीचा सराव होता. सगळ्या प्रशिक्षणात सर्वांत अवघड भाग माझ्या मते हाच. मॅडम रुग्ण झाल्या, मी थेरपिस्ट. त्यांनी माहितीपत्रक चाळल्यासारखं केलं आणि विचारलं, "तुम्ही माझ्या जागी असता तर कुठल्या गटात गेला असता?"

रोजच्या ओपीडीत हा प्रश्न विश्वासाने विचारला जातो आणि आपण तितक्याच मोकळेपणाने उत्तर देतो. इथे तसं उत्तर दिलं तर चिठ्ठी निघायच्या आधीच रुग्ण एका बाजूला झुकला. दुसऱ्या गटात पडला की तो खट्टू होऊन जाणार, कदाचित अभ्यासच सोडणार. आणि 'मला सांगता येणार नाही' म्हटलं तर त्याला वाटतं, हिला माहीत आहे पण लपवते आहे. आम्ही हा प्रसंग आलटून पालटून बराच वेळ केला. शेवटी मला जमलं ते साधारण असं: "या दोन्हींतलं जास्त उपयोगी काय, हे आज कोणालाच खात्रीने माहीत नाही. मलाही नाही. म्हणून तर हा अभ्यास करतोय. तुम्हाला एकच हवं असेल आणि चिठ्ठीवर सोडायचं नसेल, तर भाग न घेणं हाही बरोबर निर्णय आहे, तुमच्या नेहमीच्या उपचारात काहीही फरक पडणार नाही."

हे बोलून दाखवणं सोपं. मनापासून पटलेलं असणं कठीण. मी दहा वर्षांहून जास्त काळ व्यायाम शिकवते आहे, तो उपयोगी पडतो अशी माझी धारणा आहे. मग 'मला माहीत नाही' हे खरं कसं? वैद्यकीय नीतीचे अभ्यासक बेंजामिन फ्रीडमन यांनी 1987 मध्ये यावर जे मांडलं त्याने मला खूप आधार दिला. एकेका चिकित्सकाचा कल कुठेही असू शकतो. संपूर्ण जाणकार वर्गात प्रामाणिक मतभेद आहेत का, हा खरा प्रश्न. ते असतील तर अभ्यास करणं नैतिक आहे, आणि माझा कल हा माझा कल म्हणूनच ओळखायचा, पुरावा म्हणून नाही. जोडीला उदाहरण होतं 2002 साली प्रसिद्ध झालेल्या गुडघ्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या अभ्यासाचं. संधिवाताचे 180 रुग्ण, त्यातल्या काहींना नुसता छेद देऊन टाके घातले. खरी शस्त्रक्रिया झालेल्यांचं दुखणं त्यांच्यापेक्षा अधिक कमी झालं नाही. त्याआधी किती सर्जन किती खात्रीने ती शस्त्रक्रिया करत होते!

संमतीबद्दल आणखी एक बाब नीट लक्षात ठेवा. जो रुग्ण आधीपासून तुमच्या उपचाराखाली आहे, त्याची संमती शक्यतो तुम्ही घेऊ नये. तुम्हाला नाही कसं म्हणायचं, या भिडेपोटी माणसं सही करतात. हेलसिंकी घोषणापत्रातही हे सांगितलेलं आहे: असं अवलंबून असण्याचं नातं असेल तर संमती त्या नात्याबाहेरच्या, योग्य पात्रतेच्या व्यक्तीने घ्यावी. आमच्याकडे ते काम संशोधन समन्वयकांकडे दिलं होतं.

दुसरा दिवस उपचाराचा. आधी मॅन्युअल, म्हणजे उपचार नेमका कसा द्यायचा ते सांगणारी पुस्तिका. 2014 पासून उपचारांचं वर्णन किती बारकाईने करावं यासाठी टायडिअर नावाची बारा मुद्द्यांची यादी वापरली जाते: काय, का, कोणी, कसं, कुठे, किती वेळा, कुठे मुभा, कुठे नाही. औषधाशिवायच्या उपचारांच्या ट्रायल कशा मांडाव्यात यासाठी कॉन्सॉर्टची, म्हणजे ट्रायलचे अहवाल कसे लिहावेत याच्या नियमावलीची, वेगळी पुरवणी 2008 मध्ये आली आणि 2017 मध्ये सुधारली गेली. तिच्यात थेरपिस्टचं प्रशिक्षण आणि त्याने मॅन्युअल किती पाळलं याचीही माहिती मागितली आहे. मला आधी वाटलं होतं की मॅन्युअल म्हणजे हात बांधणं. पण मी मनाने दोन व्यायाम वाढवले तर अभ्यासाचा निष्कर्ष ज्या उपचाराबद्दल निघेल तो उपचार प्रत्यक्षात दिलेलाच नसेल. मग सहभागी लोकांनी दिलेला वेळ आणि सोसलेलं दुखणं फुकट गेलं. शिस्तीचा मुद्दा म्हणून नव्हे, त्यांच्याशी प्रामाणिक राहायचं म्हणून मॅन्युअल पाळायचं, हे मला इथे पटलं.

मग स्पर्श. पाठीला हात लावण्याआधी दर वेळी विचारायचं, एकदा सही झाली म्हणजे कायमची परवानगी नव्हे. कपडे किती सैल करावे लागतील हे आधी सांगायचं, सोबत कोणी हवं का ते विचारायचं. बातचीतीत कोणी जीव द्यायचे विचार बोलून दाखवले तर काय करायचं, गुप्तता कुठे संपते, कोणाला फोन करायचा, हे एका कागदावर लिहून घेतलं. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. तुमच्या टीमने असा कागद दिला नसेल तर मागून घ्या, नंबरासकट.

दुष्परिणामांवर अख्खा तास गेला. औषध नाही म्हणजे दुष्परिणाम नाही, असं आपल्यातले बरेच जण मनात धरून चालतात. व्यायामानंतर दोन दिवस वाढलेलं दुखणं, तोल जाऊन पडणं, जुनी आठवण निघून आलेलं रडू, झोप उडणं, हे सगळं लिहायचं. आपल्या उपचारामुळे झालं की नाही हे ठरवत बसायचं नाही, आधी लिहायचं, ठरवणारे दुसरे असतात. मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती किंवा मुक्काम वाढणं, कायमचं अपंगत्व यांना गंभीर घटना मानतात आणि बहुतेक प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लिखित आराखड्यात, कळल्यापासून चोवीस तासांच्या आत कळवायचं असतं. आठवड्याची सुट्टी आडवी आली तरी.

मार्च आणि एप्रिल गेले वाट पाहण्यात. सत्रांचं ऑडिओ रेकॉर्डिंग होणार होतं, थेरपिस्ट मॅन्युअलप्रमाणे बोलतो का हे तपासायला. एथिक्स कमिटीने त्यासाठी वेगळ्या संमतीची ओळ आणि रेकॉर्डिंग कधी नष्ट करणार याचा खुलासा मागितला. सुधारित माहितीपत्रक पुन्हा बैठकीपुढे गेलं. या काळात उत्साह ओसरतो, शिकलेलं विसरायला होतं. मी आणि आणखी एक सहकारी आठवड्यातून एकदा फोनवर संमतीचे प्रसंग करत राहिलो, त्याचा फार फायदा झाला.

याच काळात हितसंबंधांचा फॉर्म भरला. औषध कंपनीशी संबंध नाही म्हणून 'लागू नाही' लिहून मोकळं व्हावं असं पटकन वाटतं. आपल्या क्षेत्रात हितसंबंध वेगळ्या रूपात असतात: एखाद्या पद्धतीचं प्रमाणपत्र, त्या पद्धतीच्या कार्यशाळा घेऊन मिळणारं मानधन, त्यावर उभं राहिलेलं नाव. मी याच प्रकारच्या व्यायामाचे सशुल्क वर्ग घेते, ते लिहिलं. कमिटीने आक्षेप घेतला नाही, फक्त निकालाच्या मोजणीपासून मला दूर ठेवायला सांगितलं आणि सहभागी व्यक्तींना माझ्या वर्गांची माहिती द्यायची नाही अशी अट घातली. अट मला रास्त वाटली.

मे महिन्यात देखरेखीखालची सत्रं झाली. स्वतःचं बोलणं रेकॉर्डिंगवर दुसऱ्याबरोबर बसून ऐकणं, याची धडकी होती. पर्यवेक्षक सरांनी टेप थांबवून विचारलं, "इथे त्यांनी 'घरी कोणाला पटत नाही' म्हटल्यावर तुम्ही किती सेकंद थांबलात ते बघा." पुढचं वाक्य ऐकायला मी थांबले होते, म्हणून त्या बाईंनी नोकरी सोडल्याचं सांगितलं होतं. इतक्या बारकाईने माझ्या कामाकडे आधी कधीच कोणी पाहिलं नव्हतं. भीती दोन-तीन टेपनंतर गेली आणि मी पुढच्या तपासणीची वाट बघायला लागले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात लॉगवर सही झाली आणि काम सुरू झालं. कार्यशाळेतला एक प्रसंग जसाच्या तसा समोर आला. दुसऱ्या गटातल्या एक काकू मला जिन्यात भेटल्या. "तुमच्याकडे ते कागद आहेत म्हणे व्यायामाचे, एक द्या ना, मी कोणाला सांगणार नाही." रोजच्या कामात मी हा कागद दहा वेळा हसत दिला असता. तेव्हा त्यांना सांगितलं की अभ्यास संपेपर्यंत देता येणार नाही, आत्ता त्रास वाढला असेल तर डॉक्टरांना आजच दाखवू या, आणि माहितीपत्रकात शेवटच्या पानावर लिहिलंय की तुमचा सहभाग संपला की हवी असतील तर ही सत्रं तुम्हालाही मिळतील. त्या नाराज झाल्या. मलाही वाईट वाटलं, आणि ते वाटणं चुकीचं नाही असं सुपरव्हिजनमध्ये बोलून मोकळी झाले. दुसऱ्या गटाला नंतर काय मिळणार हे माहितीपत्रकात लिहिलेलं आहे का, ते तुम्ही पहिल्याच दिवशी पाहा. लिहिलेलं नसेल तर जिन्यात तुमच्याकडे सांगायला काहीच नसेल.

माझ्या गटातल्या एकाने मधूनच अभ्यास सोडला. कारण विचारण्याचा मोह होतो, चांगल्या हेतूने होतो. कारण सांगणं त्याच्यावर बंधनकारक नाही. आतापर्यंतची माहिती वापरू का, एवढंच समन्वयकांनी विचारलं आणि मी त्यांची पुढची नेहमीची अपॉइंटमेंट लावून दिली.

निकाल यायला अजून बराच अवकाश आहे. व्यायामाच्या गटात फारसा फरक दिसला नाही, असं निघालं तर माझ्या वर्गांच्या माहितीपत्रकातला मजकूर मला बदलावा लागेल. कोणत्या ओळी बदलाव्या लागतील त्यांच्यावर मी आत्ताच पेन्सिलने खुणा करून ठेवल्या आहेत.